पाहुण्याची पाचवी सोंगटी

घण्ण झालं, पट हादरला आणि पाहुण्याची पाचवी सोंगटी काठावरून घसरून विहिरीत पडली. एवढंच झालं. कुणी मेलं नाही, भिंत कोसळली नाही, तामूताईच्या मांडीवरची मासळीची टोपलीसुद्धा कलंडली नाही. मी मात्र माझी काळी सोंगटी चिमटीत धरून तसाच बसून राहिलो, हात हवेत, कारण त्या सोंगटीला एकच घर चालायचं होतं आणि मग वरची खोली माझी होती. एक घर. मी मुद्दाम सावकाश चाललो होतो. जन्मात पहिल्यांदा काहीतरी जिंकत होतो, तर म्हटलं जरा चवीनं जिंकावं. समोर तामूताई, माझी आत्तेबहीण, दातओठ खात बसली होती, तेही डोळे भरून बघायचं होतं. माझं काही चुकलं होतं का? दोन्ही बाह्या कोपराच्या वर सुतळीनं बांधल्या होत्या. श्वाससुद्धा तोंड बाजूला करून सोडत होतो. सकाळपासून चटकदार काही खाल्लं नव्हतं, ठसका नको म्हणून. ओश्काच्या पटाजवळ कसं वागावं हे ओबासमध्ये रांगणाऱ्या पोरालाही कळतं, आणि मी तर गेला आठवडाभर घरात पाय न वाजवता चालण्याची तालीम केली होती. आणि मग घण्ण. आणि घंटा कुणाची? माझी. म्हणजे माझ्याच खात्याची.

मी धुके खात्यात आहे. रोज दुपारी तळ्यावरून धुकं उठतं, गल्ल्यांत शिरतं, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतं आणि तिथं मुक्काम ठोकतं. सकाळी ते उतरतं तेव्हा ऊन अजून छपरांवरच रेंगाळत असतं, आणि ऊन गल्लीत उतरायच्या बेतात आलं की हे पुन्हा हजर. तर ते आलं की मनोऱ्यावरची घंटा वाजवून शहराला तसं कळवायचं, हे आमचं काम. आम्ही कळवेपर्यंत ते आलेलं नसतं. माणसं एकमेकांवर आदळत असतात, कासवगाड्या भलत्याच्याच अंगणात शिरलेल्या असतात, पण खात्याच्या दृष्टीनं तेव्हा लख्ख उजेड असतो. घंटा कधीच वेळेवर होत नाही, कारण वाजवणाऱ्याला धुक्यात मनोऱ्याचं दार सापडत नाही. त्यातून जुनी घंटा तडकलेली, आवाज फुटक्या मडक्यासारखा. लोक तक्रार करायचे. मग मीच, गाढवानं, नवी घंटा ओतवून घेतली. चांगली बैलाएवढी. तिच्या पहिल्या टोल्याला माझ्या टोपीत मानाचं पीस खोवलं गेलं, टाळ्या झाल्या, मी लाजलो वगैरे. आणि काल संध्याकाळी, डावासाठी रजा घेताना, माझ्या हाताखालच्या पेस्तूकला मी झापलं. म्हटलं, “उद्या मी नाहीये. निदान उद्या तरी वेळेवर वाजव. आणि हात मोडल्यासारखा नको, जोर लाव.” पेस्तूक नेहमी मान डोलावतो आणि काही करत नाही. त्याच्या या स्वभावावर माझा केवढा भरवसा होता ते मला आज कळलं. पठ्ठ्या धुकं यायच्या आधीपासूनच मनोऱ्याच्या दाराला पाठ लावून बसून राहिला. खात्याच्या इतिहासात पहिल्यांदा घंटा वेळेवर झाली.

आणि पाहुणा जिंकला. ओश्काला बसतात दोघं, पण खेळतात तिघं. माझ्या पाच सोंगट्या काळ्या, पाटीच्या दगडाच्या. तामूताईच्या पांढऱ्या, माशाच्या हाडाच्या. आणि पाच कच्च्या मातीच्या, त्या पाहुण्याच्या. पाहुण्याला हात नाहीत, त्याची चाल आपोआप होते. वारा आला, मांजर धडकलं, कुणी शिंकलं, जमीन हलली, आणि त्यानं मातीची सोंगटी जिथं जाऊन थांबली, तिथं पाहुणा चालला. पट परातीसारखा खोलगट, मधोमध विहीर, पाचही सोंगट्या ज्याच्या आधी विहिरीत त्याचा डाव. आणि डाव संपला की आपापल्या सोंगट्या उचलायच्या, पाहुण्याच्या मात्र उचलायच्या नाहीत. त्या आहेत तिथंच पुढच्या डावापर्यंत, पुढच्या पिढीपर्यंत. आमच्या पटावर त्याची पहिली सोंगटी आजोबांच्या लग्नात पडली, कुणाचा तरी नाच जरा जोरात झाला म्हणून. दुसरी भूकंपात. तिसरी आणि चौथी बोरूसकाकाच्या खोकल्यानं. पाचवी मला आठवतं तेव्हापासून काठावर बसून होती, पाय सोडून बसल्यासारखी. तिच्याकडे आम्ही बघायचोही नाही. इतकी वर्षं तिनं मुलांचे दंगे पचवले, दारं आपटणं पचवलं, तामूताईची भांडणं पचवली. माझ्या मानाच्या घंटेची वाट बघत होती म्हणायची.

“पाहुण्याचा डाव,” गुरमान आजोबा म्हणाले. गुरमान आजोबा आमच्या गल्लीतले साक्षीदार. साक्षीदाराशिवाय ओश्का होत नाही, आणि साक्षीदाराला डावभर खायला घालावं लागतं, म्हणून ते कुठल्याही डावाला तयार असतात. शिंपल्यांच्या कालवणात भाकर बुडवत त्यांनी निकाल दिला, आणि ती तोंडात घातली.

“आजोबा, थांबा,” मी म्हटलं. “ही घंटेनं पडली. घंटा माणसानं वाजवली. पेस्तूकनं. माणसानं मुद्दाम केलेलं ते पाहुण्याचं कसं?”

“कुठली घंटा?”

“आता झाली ती! अख्खं घर हादरलं!”

“मला नाही ऐकू आली.”

“तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, आजोबा!”

“काय?”

मी तामूताईकडे वळलो. ती हरत होती, चांगली घासूनपुसून हरत होती. तिच्या तीन सोंगट्या अजून बाहेरच्या कडेला भटकत होत्या. ती टोपलीवरचं फडकं नीट करत होती, अगदी निवांत. “तामूताई, तू सांग. झाली की नाही घंटा?”

“मी काही ऐकलं नाही बाई.”

“तुझ्या कानातल्या बाळ्या हलल्या!”

“हलल्या असतील. पाहुण्यानं हलवल्या असतील.” मग जरा पुढं वाकून, आजोबांना ऐकू येणार नाही अशा आवाजात, म्हणजे साध्या आवाजात, ती म्हणाली, “हेलू, तुला मिळण्यापेक्षा त्याला मिळाली ना, मला रात्री झोप लागेल.”

“आणि तुझे मासे? ते कुठल्या उन्हात वाळवणार?”

“माझे मासे मी बघेन. तुझी टोपी तू बघ.”

टोपीचं तिनं मुद्दाम काढलं. मी खाली राहतो, धुक्यात, जन्मापासून. माझ्या घरात मीठ पातळ असतं. भाकरीला सकाळी हिरवे केस आलेले असतात. उशी पिळली तर पाणी निघेल. एकदा लग्नाचं बघायला गेलो होतो, कुंभारगल्लीत, मुलगी चांगली होती, हसरी. तिच्या आईनं विचारलं, “टोपीवर हे काय लावलंय, नवीन पद्धत आहे का?” हात लावून बघितलं तर अळंबी. दोन. निघताना होती नव्हती ते देव जाणे, पण परतताना तीन होत्या असं तामूताई सगळ्यांना सांगते. मुलगी हसतच होती. तिनं छपरावरचा नवरा केला. ओबासमध्ये माणसं दोनच प्रकारची, छपरावरची आणि तळातली, आणि तळातल्या माणसाला लांबूनच वास येतो, ओल्या चादरीचा, हे कुणी तोंडावर बोलत नाही एवढंच. आमच्या घराला वरची खोली आहे. एकच. धुकं तिच्या उंबऱ्याला लागून थांबतं. ती बोरूसकाकाची होती आणि काका एकटा होता, आणि त्याला वर कुणी आलेलं खपायचं नाही, कारण त्याच्या चटया वाळत असायच्या. काय वाळवत होता एवढ्या चटया, आयुष्यभर? मेल्यावर वर जाऊन बघितलं तर तीन चटया. माझ्या आईची छाती ओलीनं भरली होती तेव्हा बाबांनी तिला पाठीवर घेऊन वर नेलं होतं. मीही मागून गेलो. काकानं एक चटई गुंडाळून कोपरा मोकळा करून दिला. आईनं उन्हाकडे तोंड केलं आणि शिंकली. आम्हा तळातल्यांना उन्हानं शिंका येतात, नाकाला सवय नसते. ती शिंकली, मग पुन्हा शिंकली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचा श्वास मोकळा झाला. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला असं मला वाटतं. खाली सगळेच चेहरे दिव्याच्या उजेडातले. तिच्या गालावर बारीक लव होती, पिवळी. “उद्या पुन्हा या,” असं काका म्हणाला नाही. “चटया वाळल्या की सांगतो,” असं म्हणाला. आई रोज विचारायची, वाळल्या का रे? मी जिन्यावर जाऊन हाक मारायचो, आणि वरून उत्तर यायचं, अजून नाही. मग विचारायची ती थांबली. एवढंच. मला त्या खोलीत राज्य करायचं नव्हतं. मला तिथं बसून एकदा पोटभर शिंकायचं होतं.

पण खोली पाहुण्याची झाली, आणि पाहुणा घरात असला की त्याचं करावं लागतं. ओबासमध्ये वारस दोन असले की भांडत नाहीत, पट उघडतात. पण पट पाहुण्यानं जिंकला की वारसांना पाळीपाळीनं त्याचं जेवण वर पोचवावं लागतं. एक दिवस मी, एक दिवस तामूताई. वर जायचं, थाळी ठेवायची, कालची उचलायची, पाठ न दाखवता बाहेर यायचं. बसायचं नाही. खिडकीकडे बघायचं नाही, कारण खिडकी पाहुण्याची. म्हणजे मी एक दिवसाआड भर दुपारी, हातात कालवणाची थाळी घेऊन, धुक्यातून उन्हात वर यायचो, उन्हाचा नुसता चटका मानेला लागायचा, आणि लगेच उलट्या पावली जिन्यात. दोनदा पडलो. एकदा थाळीसकट. शेजारची ओमेशा, जिला दुसऱ्यांच्या घरातलं सगळं कळतं, ती म्हणाली, “हेल्वान, पाहुणा जेवतो का रे?” जेवायचा. थाळी रोज चाटूनपुसून रिकामी. मी तामूताईला म्हटलं, “लाज वाटत नाही, पाहुण्याचं खातेस?” ती म्हणाली, “मी? मला वाटलं तू.” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी पाळत ठेवली. जिन्यात दबा धरून बसलो, आणि ओल्या पायरीवरून घसरून सगळा जिना उतरलो. वरून एक लठ्ठ करडी घार थाळीतला शिंपला चोचीत धरून माझ्याकडे बघत होती. माझ्या हक्काच्या उन्हात बसून. गुरमान आजोबांकडे गेलो, म्हटलं, “आजोबा, घार जेवतेय.” ते म्हणाले, “मग? पाहुण्यानं बोलावली असेल.” या माणसाला काही ऐकू येत नाही, नको तेवढं मात्र बरोबर ऐकू येतं.

पण त्यांनीच वाट सांगितली, हे कबूल करायला हवं. दोन वाट्या कालवण आणि अर्धा घडा आंबवलेलं ताक पोटात गेल्यावर. पाहुण्याला आव्हान देता येतं. पट वर न्यायचा, त्याच्या खोलीत मांडायचा, त्याच्या मातीच्या सोंगट्या विहिरीतून काढून पुन्हा बाहेरच्या कडेला लावायच्या आणि बसायचं. जिंकलात तर खोली तुमची. हरलात तर कायमची त्याची. मला एवढा आनंद झाला की मी आजोबांना मिठी मारली, त्यांच्या वाटीतलं माझ्या अंगरख्यावर सांडलं, आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं. “जो आधीचा डाव जिंकला, तो पहिला चालतो.” म्हणजे पाहुणा. तो चालेपर्यंत मला सोंगटीला बोट लावता येणार नाही. उठता येणार नाही, घंटा होईपर्यंत. आणि पटावरून डोळे हलवता येणार नाहीत, त्याची चाल निसटायला नको म्हणून. हलले की हरला.

“आणि साक्षीदार?” मी विचारलं. “तुम्ही येणार ना?”

“माझ्यानं जिना होत नाही. तामूरीला घे.”

तामूताई ताबडतोब तयार झाली. एवढी ताबडतोब की मला शंका यायला हवी होती. पहिल्या दिवशी ती वर आली ती तीन टोपल्या मासे घेऊन. साक्षीदाराला डोळे कुठंही फिरवता येतात, हात मोकळे असतात. तिनं खिडकीत दोरी बांधली आणि मासे लटकवायला सुरुवात केली. बाईचे मासे आयुष्यात पहिल्यांदा वाळत होते, आणि मी तिला कालवण खाऊ घालत होतो. साक्षीदाराचा मान. मी पटासमोर मांडी घालून बसलो. डोळे पटावर. ऊन आलं, पाठीवर बसलं, मग मानेवर. अंगरख्यातून वाफ निघायला लागली, खरोखरची वाफ. हाडांत कुठंतरी साठलेली ओल उठून बसतेय असं वाटलं. आणि पटावर काहीतरी काळं पडलं. मी दचकलो, वाटलं पाहुणा चालला. ती माझी सावली होती. कान केवढे आहेत माझे.

मग दिवस जात राहिले, आणि पाहुणा काही चालेना. एरवी घरात काय काय हलतं. दार आपटतं, खिडकी वाजते, ओमेशा चुगल्या सांगायला येते तेव्हा जमीन हादरते. आता, मला हवं तर, पान हलत नाही. घारसुद्धा खिडकीत बसून राहते, पंख मिटून, मासे बघत, शहाण्यासारखी. मी पाहुण्याला मनात शिव्या घातल्या. मग आर्जवं केली. मग पुन्हा शिव्या. वाट बघून बघून माझ्या लक्षात आलं की त्यानं चालावं असंही मला वाटत नाही. तो चालला नाही तर मी जिंकत नाही, पण तोवर बसतो तर इथंच. आणि कडेच्या सोंगट्या मी रोज बघतोय, पट खोलगट, उतार गुळगुळीत झालेला. एक मोठा हादरा बसला तर पाचही एका दमात विहिरीत जातील. म्हणून पेस्तूकला मी लेखी नाही, तोंडी सांगितलं, घंटेला गोधडी गुंडाळ. तो म्हणाला, “मग लोकांना धुकं आलेलं कळणार कसं?” म्हटलं, “नाही कळणार.” तेव्हापासून घंटा होते पण कुणाला ऐकू येत नाही; मी कधी उठायचं ते तामूताई खिडकीतून धुकं बघून सांगते. खात्याच्या दृष्टीनं ओबासमध्ये हल्ली धुकं पडत नाही. लोक भिंतींवर आपटतायत आणि खातं माझं अभिनंदन करायच्या विचारात आहे.

“खिडकीतून काय दिसतं गं?” मी तामूताईला विचारायचो. डोळे पटावर.

“ऊन.”

“आणखी?”

“दुसऱ्यांची छपरं. एक बाई केस वाळवतेय. गप्प बस ना, मासे मोजू दे.”

“कुंभारगल्लीतली आहे का?”

“तीच. जाडी झालीय. हसतेय अजून.”

असा छळ. सगळं ओबास माझ्या पाठीमागे उन्हात पडलेलं, आणि मी पाच मातीच्या ढेकळांकडे डोळे फाडून बसलेला. आणि आज, ऊन नेहमीपेक्षा जरा खाली उतरलं, खांद्यावरून आलं, पटाच्या घासलेल्या लाकडावर पडलं आणि तिथून उसळून थेट माझ्या नाकात शिरलं. मला ते जागेवरच कळलं. आधी मुळाशी गुदगुल्या. मग डोळ्यांच्या मागे. इतके दिवस पाठीला ऊन होतं, नाकाला नव्हतं. मी तोंड उघडलं, बंद केलं. जीभ टाळूला लावली. आई उन्हाकडे बघून शिंकली होती ती मला आठवली, आणि ते आठवायची ही वेळ नव्हती, कारण त्यानं शिंक आणखीनच वर चढली. समोर पाच सोंगट्या, वीतभर अंतरावर, बरोबर माझ्या नाकाखाली. एका फुंकरीचं काम. वर्षानुवर्षं मला इथं येऊन शिंकायचं होतं, आणि शिंक आली ती अशी.

“तामू... ताई...”

“काय रे? चालला का तो?” ती वळली. माझं तोंड बघितलं. तळातल्या माणसाला तळातल्या माणसाचं तोंड कळतं, काही सांगावं लागत नाही. हातातला मासा टाकून ती गुडघ्यांवर सरपटत आली आणि तिनं माझं नाक धरलं. दोन खारट, खवल्यांनी भरलेल्या बोटांत. अर्धवट वाळलेल्या मासळीचा वास मेंदूपर्यंत गेला. “खबरदार,” ती म्हणाली. “माझी अख्खी दोरी वाळायचीय अजून.”

शिंक आतच फुटली. कान बधिर झाले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि त्या दणक्यात माझी मान गर्रकन वळली. खिडकी. इतके दिवस पाठीमागे असलेली खिडकी माझ्या तोंडासमोर होती, आणि डोळ्यांत एवढं पाणी की नुसतं पिवळं दिसलं. छपरं नाहीत, बाई नाही, काही नाही, पिवळं, हलणारं. मी पापण्यांची उघडझाप करत राहिलो. आणखी पाणी आलं. मग एकदम भान आलं आणि मी मान पटाकडे फिरवली. सोंगट्या कडेवर होत्या, पाचही, जिथल्या तिथं.

तामूताई माझ्याकडे बघत होती. नाक अजून तिच्या चिमटीत.

“डोळे हलले माझे,” मी म्हटलं. नाक बंद, आवाज बदकासारखा.

तिनं एकदा पटाकडे बघितलं. मग दोरीवरच्या माशांकडे. मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

“मी काही बघितलं नाही बाई,” ती म्हणाली, आणि नाक आणखी घट्ट धरलं. “दुसरी येते का बघ.”